कर्नलची पुनर्बांधणी आणि वेळेची बचत

छत्तीसगडातील भिलाईचे नाव निघाले की पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नगर वाढत गेले आणि भोवतालची खेडी त्याच्या कवेत आली. कुरुद हे त्यांपैकीच एक. धमतरी जिल्ह्यातील त्याच नावाचे गाव निराळे. या मुलखाशी मराठी माणसाचे नाते नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासूनचे आहे. पोलादाच्या या परिसरात पुढे यंत्रविद्येचे व संगणकविद्येचे शिक्षणही रुजले. १९८६ साली दुर्ग येथे भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली आणि २०१६ साली आय.आय.टी. भिलाईचा आरंभ झाला.

झोतभट्टीच्या कामातील एक साधी गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. एकदा पेटविलेली भट्टी वर्षानुवर्षे विझू दिली जात नाही. निराळ्या मापाचे लोहमार्गाचे रूळ हवे असतील, तर ते लाटणाऱ्या गिरणीतील रोलर बदलतात. त्यासाठी भट्टी थंड करून ती पुन्हा पेटविण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नाही. संगणकाच्या व्यवसायात मात्र असा प्रकार नित्य घडत असतो. एका ओळीत फेरफार करावयाचा आणि त्यापायी हजारो फाइलींचे काम मुळापासून पुन्हा करावयाचे, ही गोष्ट कित्येकांच्या अंगवळणी पडलेली असते. कर्नलच्या बांधणीत हा अपव्यय सर्वांत ठळकपणे दिसून येतो.

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. स्मृतीची वाटणी, प्रक्रियांचा क्रम, कळफलकापासून जाळ्यापर्यंतच्या सर्व उपकरणांचे नियंत्रण ही कामे तो करतो. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली प्रसिद्ध केलेला लिनक्स कर्नल आरंभी सुमारे दहा हजार ओळींचा होता. २०२५ च्या प्रारंभी त्याच्या ओळींची संख्या चार कोटींच्या घरात गेली. माणसाने लिहिलेला हा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम कंपायलर नावाचा कार्यक्रम करतो. अशा हजारो तुकड्यांचे भाषांतर करून ते एकत्र सांधणे, यालाच कर्नलची बांधणी म्हणतात.

या बांधणीचा एक विशेष प्रकार म्हणजे क्रॉस बिल्ड. बांधणारे यंत्र एका जातीचे आणि जेथे कर्नल चालावयाचा ते यंत्र दुसऱ्या जातीचे, अशी ही व्यवस्था असते. टेबलावरचा संगणक बहुधा इंटेल घराण्याची भाषा बोलतो. हातातील फोन किंवा प्रयोगशाळेतील तळहाताएवढा फलक आर्म घराण्याची बोलतो. आय.आय.टी. मद्रासचा ‘शक्ति’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्ह नावाच्या तिसऱ्या कुळातले आहेत. लहान फलकाची स्मृती तोकडी आणि गती मंद असल्याने त्याचा कर्नल मोठ्या यंत्रावर बांधून नंतर त्यात उतरविणे सोयीचे ठरते. ही रीत महाराष्ट्रालाही नवी नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांचा बनलेला होता, आणि त्यांच्या जाळ्यात कार्यक्रम उतरविण्यासाठी बाहेरच्या यजमान संगणकाचे साहाय्य घ्यावे लागे.

आता कुरुदमधील एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. त्याच्याजवळ चार गाभ्यांचा, आठ जी.बी. स्मृतीचा लॅपटॉप आहे, आणि आर्म जातीच्या एका फलकासाठी तो उपकरण-चालक लिहीत आहे. संपूर्ण बांधणीस चाळीस मिनिटे लागतात असे धरले आणि दिवसातून दहा वेळा ती करावी लागली, तर सहा तास चाळीस मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. पण गेलेला वेळ हे या हानीचे लहान अंग होय. चाळीस मिनिटांनी निकाल येतो तेव्हा प्रश्नाचा धागा मनातून निसटलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, प्रत्येक प्रयोग महाग पडू लागला की माणूस प्रयोगच कमी करतो. एकेक फेरफार तपासून न पाहता पाच फेरफार एकदम करतो आणि दोष नेमका कोणात आहे हे शोधीत बसतो. संथ बांधणी अशा रीतीने विचारालाच आळशी करते.

यावरचा पहिला उपाय जुना आहे, आणि त्याच्या जन्माची कथा बोधप्रद आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन याने ‘मेक’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्याचा एक सहकारी सकाळभर एका कार्यक्रमातील दोष शोधीत बसला होता. वस्तुतः दोष त्याने केव्हाच दुरुस्त केला होता; परंतु दुरुस्त केलेल्या फाइलीचे नव्याने भाषांतर झालेलेच नव्हते. निर्दोष मजकूर वाचावयाचा आणि सदोष यंत्र चालवावयाचे, असा तो खेळ झाला. ‘मेक’ने यावर साधा तोडगा काढला. कोणती वस्तू कोणत्या वस्तूंपासून बनते हे एकदा लिहून ठेवावयाचे. मग मूळ फाइलीवरील वेळ तयार फाइलीवरील वेळेहून अलीकडची असेल, तेवढेच काम पुन्हा करावयाचे. या कथेचे मर्म असे, की कामाची टाळाटाळ आणि कामाची बचत या दोन गोष्टींत फार बारीक अंतर आहे. जे बदलले ते निश्चित कळत असेल तरच न बदललेले सोडून देण्याचा अधिकार मिळतो.

लिनक्स कर्नलने हे तत्त्व आणखी पुढे नेले. प्रत्येक तयार तुकड्याशेजारी एक लपलेली नोंद ठेवली जाते. तो तुकडा कोणत्या आज्ञेने बनला आणि कोणकोणत्या फाइलींवर अवलंबून आहे, हे तीत लिहिलेले असते. आज्ञेतील एखादा पर्याय बदलला तरी तो तुकडा पुन्हा बनतो. कर्नलमध्ये हजारो ऐच्छिक घटक असून त्यांची निवड एका मोठ्या यादीत नोंदलेली असते. त्या यादीत काहीही बदलले की सर्व फाइली पुन्हा बनाव्यात, अशी आपत्ती सहज आली असती. म्हणून बांधणीच्या वेळी एक छोटा साहाय्यक कार्यक्रम प्रत्येक फाइलीत नेमक्या कोणत्या घटकांचा उल्लेख आहे हे तपासून तेवढ्यांचेच अवलंबन नोंदवितो. एक घटक चालू-बंद केला असता त्याच्याशी संबंध असलेल्या फाइलीच तेवढ्या बनतात.

एवढी चोख व्यवस्था असताना बांधणी वारंवार मुळापासून का होते? बहुधा ती व्यवस्था बांधणाऱ्याच्याच हातून मोडते. पहिले कारण सवयीचे. काही बिघडल्याची शंका आली की सर्व पुसून पुन्हा आरंभ करण्याची आज्ञा द्यावयाची, हा अनेकांचा नेम असतो. भट्टी विझविण्यासारखेच ते आहे. दुसरे कारण एकाच निर्देशिकेत दोन जातींच्या यंत्रांसाठी आळीपाळीने बांधणी करण्याचे. आर्मसाठी बांधलेले तुकडे इंटेलला निरुपयोगी, म्हणून प्रत्येक अदलाबदलीत सारे नव्याने करावे लागते. मूळ मजकूर एका जागी अस्पर्श ठेवून प्रत्येक यंत्रजातीसाठी व प्रत्येक घटक-यादीसाठी तयार मालाची स्वतंत्र निर्देशिका ठेवणे, हा यावरील सोपा उपाय. कर्नलच्या बांधणीत त्याची सोय मुळातच केलेली आहे.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. मजकुराच्या निरनिराळ्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिट नावाचे साधन वापरतात. त्यात एका शाखेवरून दुसरीवर गेले आणि लगेच परत आले, तर मजकूर होता तसाच राहतो. पण मधल्या काळात ज्या फाइली बदलल्या त्यांच्यावर नव्या वेळेचा शिक्का बसतो. ‘मेक’ शिक्का पाहतो, मजकूर पाहत नाही. त्यामुळे त्या सर्व फाइली पुन्हा बनतात. दोन शाखांवर समांतर काम करावयाचे असल्यास गिटच्याच वर्कट्री या सोयीने प्रत्येक शाखेस निराळी निर्देशिका द्यावी. मजकूर एका यंत्रावर आणि बांधणी दुसऱ्यावर होत असेल, तर दोन्ही घड्याळे जुळलेली असावीत. ती मागेपुढे असली की नव्या-जुन्याचा निवाडाच चुकतो. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्सचे आभासी वातावरण उघडून काम करणाऱ्यांनी मजकूर विंडोजच्या निर्देशिकेत न ठेवता लिनक्सच्या स्वतःच्या फाइलव्यवस्थेत ठेवावा. एक तर पहिली जागा फार संथ असते. दुसरे असे, की कर्नलमध्ये केवळ लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद असलेल्या नावांच्या काही फाइली आहेत. हा भेद न मानणाऱ्या जागी एक फाइल दुसरीला गिळून टाकते.

जे काम टळत नाही ते उरकण्यापूर्वी ते हवेच आहे काय, हेही पाहिले पाहिजे. वितरणसंस्थांनी दिलेली घटक-यादी जगातील बहुतेक उपकरणांची सोय पाहते. प्रयोगातील फलकाला त्यांतील अगदी थोडीच उपकरणे जोडलेली असतात. २००९ साली कर्नलच्या २.६.३२ या आवृत्तीत स्टीव्हन रोस्टेड्ट याने एक सोय आणली. चालू यंत्रात त्या क्षणी कोणते मॉड्यूल वापरात आहेत याची यादी घेऊन बाकीचे ती वगळते. क्रॉस बिल्डमध्ये ही यादी बांधणाऱ्या यंत्राची घेणे चुकीचे ठरेल. फलकावर ती काढून लॅपटॉपवर आणावी आणि बांधणीस दाखवावी. फलक घेताना सर्व आवश्यक उपकरणे त्यास जोडून ठेवावीत, एरवी न जोडलेल्या उपकरणाचा चालक यादीतून निसटतो. दोषशोधनासाठी कर्नलमध्ये भरली जाणारी विस्तृत माहिती सांधणीच्या वेळी बरीच स्मृती खाते. रोजच्या प्रयोगात तिची गरज नसेल तर ती बंद ठेवावी. आणि काम एकाच उपकरण-चालकावर असेल, तर त्याला मॉड्यूलचे रूप देऊन तेवढेच बांधावे व चालू फलकात घालून पाहावे. मात्र कर्नल आपल्या नावात प्रत्येक नव्या नोंदीचा क्रमांक आपोआप जोडत असेल तर हे नाव सारखे बदलते आणि जुना कर्नल नवे मॉड्यूल नाकारतो. प्रयोगाच्या काळात ती सोय बंद ठेवणे श्रेयस्कर.

इतके करूनही मुळापासून बांधणीचे प्रसंग येतातच. त्यांसाठी सी-कॅश नावाचे साधन आहे; ते अँड्र्यू ट्रिजेल याने निर्माण केले. हे साधन कंपायलरच्या पुढे पहारेकऱ्यासारखे उभे राहते. मूळ मजकूर, त्यात समाविष्ट झालेल्या फाइली, आज्ञेतील पर्याय आणि स्वतः कंपायलरची ओळख या सर्वांवरून ते एक आकडेरूपी ठसा काढते. तोच ठसा पूर्वी कधी निघाला असेल तर साठवलेला तुकडा काढून देते, नसेल तर कंपायलरला काम करू देऊन नवा तुकडा जपून ठेवते. ‘मेक’ वेळ पाहतो, सी-कॅश मजकूर पाहतो. म्हणून शाखांच्या येरझारीत किंवा सर्व पुसल्यावरही त्याचा उपयोग होतो. क्रॉस बिल्डमध्ये हा पहारेकरी परजातीच्या कंपायलरपुढेच उभा आहे ना, याची खात्री करावी. कित्येकदा तो यजमान यंत्राच्या कंपायलरपुढे राहतो आणि लाभ शून्य होतो. साठ्याची मर्यादाही पाहावी. ती अपुरी असली तर जुना माल टाकून नवा भरण्यातच साधन गुंतते. कर्नलमध्ये बांधणीचा दिनांक व वेळ कोरली जाते. ती दर वेळी निराळी असल्याने जेथे तिचा उल्लेख येतो तेथे ठसा जुळत नाही. प्रयोगापुरती एकच ठराविक वेळ देऊन हा अडसर दूर करता येतो.

यानंतर विचार करावयाचा तो अनेक हातांचा. ‘मेक’ला एका वेळी किती कामे चालवावीत हे सांगता येते, काहीच सांगितले नाही तर तो एकामागून एक काम करतो आणि चार गाभ्यांपैकी तीन रिकामे बसतात. पण हातांची संख्या वाढविण्यालाही सीमा आहे. जीन अ‍ॅमडाल याने १९६७ साली दाखवून दिले, की ज्या कामाचा काही भाग एकट्यानेच करावा लागतो, त्याचा वेळ त्या भागाखाली कधीच उतरत नाही. चाळीस मिनिटांच्या बांधणीत अखेरची सांधणी चार मिनिटे घेत असेल आणि उरलेली छत्तीस मिनिटे वाटून घेता येत असतील, तर चार हातांनी तेरा मिनिटे लागतील, नऊ हातांनी आठ, आणि हात कितीही लावले तरी चार मिनिटांच्या आत काम होणार नाही. शिवाय प्रत्येक काम स्मृती मागते. थोड्या स्मृतीच्या यंत्रावर फार कामे लादली तर मजकूर तबकडीवर ये-जा करू लागतो आणि वेग वाढण्याऐवजी बसतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर तापलेला लॅपटॉप स्वतःच आपली गती कमी करतो.

एका यंत्राची सीमा आली की शेजारची यंत्रे मदतीस घेता येतात. मार्टिन पूल याचे डिस्ट-सीसी हे साधन भाषांतराचे तुकडे जाळ्यातील इतर संगणकांकडे पाठविते. साध्या पद्धतीत सर्व समाविष्ट मजकूर भरून झालेली फाइल पाठविली जात असल्याने मदतनीस यंत्रावर कर्नलचा मजकूर असण्याची गरज नसते. अट एकच: प्रत्येक यंत्रावर त्याच परजातीचा, त्याच आवृत्तीचा कंपायलर असावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुटीच्या वेळी रिकामे बसणारे संगणक या कामी येऊ शकतात. मात्र सांधणी मूळ यंत्रावरच होते. अ‍ॅमडालचा नियम येथेही सुटत नाही.

बांधणी संपली तरी फेरी संपत नाही. कर्नल स्मृतिपत्रावर उतरवून, ते फलकात घालून, फलक पुन्हा चालू करण्यात प्रत्येक वेळी काही मिनिटे जातात. उपकरणाशी थेट संबंध नसलेला भाग क्यू-एमू नावाच्या अनुकारी यंत्रात तपासता येतो. ते लॅपटॉपवरच आर्म किंवा रिस्क-फाइव्ह यंत्राचे सोंग घेते. प्रत्यक्ष फलकच हवा असेल तर त्याने कर्नल जाळ्यावरून उचलावा अशी योजना करावी. बांधणी दोन मिनिटांवर आणून चढविण्यात दहा मिनिटे घालविणे शहाणपणाचे नाही.

या साऱ्या उपायांचे मोल दोषाचा माग काढताना खऱ्या अर्थाने कळते. लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तीत बहुधा दहा हजारांहून अधिक बदल असतात. मागील आवृत्तीत चालणारा फलक नव्या आवृत्तीत बंद पडला, तर दोषी बदल कोणता? गिट मधला बदल काढून देते; तो बांधून पाहावयाचा, चांगला की वाईट हे सांगावयाचे, आणि अर्धा भाग वगळून पुढे जावयाचे. अशा रीतीने दहा हजारांतून एकाकडे पोहोचण्यास सुमारे चौदा बांधण्या लागतात. प्रत्येक बांधणी चाळीस मिनिटांची असेल तर नऊ तास वीस मिनिटे. पाच मिनिटांची असेल तर सत्तर मिनिटे. पहिल्या स्थितीत अनेक जण तक्रार करून थांबतात; दुसऱ्या स्थितीत दोषी बदलाचे नाव घेऊन ते मूळ लेखकाला कळवू शकतात.

बांधणीच्या संथपणाचे काही मूळ कर्नलच्या रचनेतच आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. एक शीर्षफाइल दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. अशाने लहानशा फाइलीच्या भाषांतरातही प्रचंड मजकूर वाचावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोलनार याने हा गुंता सोडविणारी सव्वीसशेच्या जवळपास नव्हे, पण बावीसशेंहून अधिक बदलांची मालिका पुढे ठेवली आणि तिने बांधणीचा वेग पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी वाढतो असे सांगितले. एवढी मोठी मालिका जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. त्या दिशेचे काही काम मात्र पुढील आवृत्त्यांत तुकड्यातुकड्यांनी आले.

शेवटी सावधगिरीचा एक शब्द. रोजच्या प्रयोगात जे वाचविले, ते अंतिम परीक्षेत वाचवू नये. आपला बदल इतरांकडे पाठविण्यापूर्वी एकदा रिकाम्या निर्देशिकेत, साठ्याची मदत न घेता, पूर्ण घटक-यादीसह बांधणी करावी, आणि शक्य तर दुसऱ्या एखाद्या यंत्रजातीसाठीही. फेल्डमनच्या सहकाऱ्याची सकाळ वाया गेली ती तयार तुकड्यावर अनाठायी विश्वास ठेवल्याने, हे विसरता कामा नये.

मोठ्या उद्योगसंस्थांजवळ शेकडो गाभ्यांची यंत्रे असतात. त्यांना अपव्यय परवडतो. कुरुदच्या विद्यार्थ्याला तो परवडत नाही, आणि म्हणून बचतीची विद्या त्याच्यासाठी अधिक मोलाची आहे. लिनक्सचा मजकूर सर्वांना खुला आहे; पण खुल्या दारातून आत येण्यासाठी लागणारा वेळ सर्वांजवळ सारखा नसतो. चाळीस मिनिटांची फेरी दोन मिनिटांवर आली, की साध्या लॅपटॉपवरही एका संध्याकाळी वीस प्रयोग होतात, आणि वीस प्रयोग करून पाहणारा माणूस हळूहळू जाणकार होतो. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागतेच असे नाही. काय बदलले हे नेमके जाणावे आणि न बदललेल्याला हात लावू नये, एवढी शिस्त बहुधा पुरते. भिलाईच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना ती कोणी निराळी शिकवावी लागली नसती.